माघारी बोलावलेला जॅम

नोंदणी करायला थोडा तरी त्रास पडला असता, तर भाऊंनी ती त्याच दिवशी करून टाकली असती. ती सहज होत होती, तिथेच सगळा घोळ झाला.

गोष्ट तशी एवढीशी होती. भाऊंच्या बायकोच्या हातचा संत्र्याचा जॅम अख्ख्या इमारतीत जायचा. लोक रिकाम्या बाटल्या धुऊन दाराशी ठेवून जायचे आणि ती त्या भरून परत करायची. घरात भाऊ तिला ‘अगं’ म्हणायचे, बाहेर लहानथोर सगळे ‘वहिनी’ म्हणायचे, आणि तिचं खरं नाव काय हे विचारायची वेळ कुणावर आली नव्हती. ते नाव दारावरच्या पाटीवर नव्हतं, विजेच्या बिलावरही नव्हतं. एके दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानदाराने वहिनींना थांबवलं आणि म्हणाला, “वहिनी, तुमचा जॅम माझ्याकडे ठेवा की. बाटलीवर लेबल लावा, त्यावर तुमचं नाव टाका. खाली फक्त नोंदणीचा नंबर हवा. तेवढा नसेल तर मला ठेवता येत नाही, कायदा आहे.”

वहिनींना ह्यातलं ‘तुमचं नाव टाका’ एवढंच ऐकू आलं. घरी येऊन त्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागे आपलं नाव चार-पाच प्रकारच्या अक्षरांत लिहून पाहिलं, आणि भाऊंपुढे धरून विचारलं, “ह्यातलं कोणतं बरं दिसतं हो?”

“नाव नंतर,” भाऊ म्हणाले. “आधी कायदा.”

भाऊंचा उभा जन्म विमा कंपनीत दावे तपासण्याच्या टेबलावर गेलेला. जळालेल्या गोदामाचा मालक असो की घसरून पडलेली म्हातारी, भाऊंच्या टेबलावरून कागद पुढे सरकला म्हणजे त्यात शंकेला जागा उरली नाही, असा त्यांचा लौकिक होता. तो सरकायला किती दिवस लागायचे, हा विषय निवृत्तीच्या समारंभात कुणी काढला नाही. तर असे भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक कागदाच्या साक्षांकित प्रती, पाण्याची बाटली आणि रांगेत बसायला घडीची खुर्ची घेऊन सरकारी कचेरीत दाखल झाले.

रांग नव्हतीच. खिडकीपाशी फक्त त्यांच्याच चौकातला चहाच्या गाडीवाला उभा होता, आणि तोही निघायच्या बेतात होता. बायकोच्या जॅमचं ऐकून खिडकीतल्या मुलीने भाऊंकडे एक पानी अर्ज सरकवला.

“घरगुतीच आहे ना काका? मग नाव, पत्ता आणि काय बनवता ते लिहा. काकूंची सही, एक फोटो आणि ओळखपत्र. मागच्या बाजूला स्वच्छतेच्या सूचना आहेत, त्या पाळायच्या. झालं.”

“झालं म्हणजे?”

“म्हणजे नंबर मिळेल.”

“तपासणी?”

“वाटलं तर येतील कधी.”

“प्रतिज्ञापत्र? शिफारसपत्र? पूर्वचारित्र्याचा दाखला?”

“काका, जॅमच करणार आहात ना?” मुलीने काळजीने विचारलं.

चहाच्या गाडीवाल्याने आपला कागद घडी करून शर्टाच्या खिशात टाकला आणि भाऊंना प्रेमाने म्हणाला, “या साहेब. आता आपण एकाच धंद्यातले.”

हे वाक्य भाऊंच्या काळजात रुतलं. जो कागद मागितल्याबरोबर मिळतो आणि शर्टाच्या खिशात मावतो, तो कागद नव्हेच, असं त्यांचं आयुष्यभराचं मत होतं. त्यांनी अर्ज खिडकीत परत सरकवला, खुर्ची काखेत मारली आणि ते तडक घरी आले.

तळमजल्यावरचे वकील जिन्यातच भेटले. जमिनीच्या वाटण्या सोडून त्यांनी कधी काही पाहिलं नव्हतं, पण इमारतीत कुणालाही कुठल्याही विषयावर ते फुकट सल्ला देत. “नोंदणी काय, कुणीही करतं,” ते म्हणाले. “तुम्ही प्रमाणपत्र घ्या भाऊ. अन्नसुरक्षेचं, आंतरराष्ट्रीय. माझ्या ओळखीचा एक सल्लागार आहे.”

सल्लागार टाय लावून आला. बॅगेतून त्याने आधी निळ्या प्लॅस्टिकची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर चढवली आणि मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं राहून बराच वेळ काही बोललाच नाही. भाऊंना तो पाहताक्षणी आवडला.

“नोंदणी म्हणजे तुम्ही आहात, एवढंच,” सल्लागार शेवटी म्हणाला. “प्रमाणपत्र म्हणजे तुम्ही कोण आहात.”

“पण दुकानदार नंबर मागतायत,” वहिनी म्हणाल्या, “तो ह्यात मिळेल ना?”

“मॅडम, नंबर, सील, चमकणारा शिक्का, सगळं मिळेल.”

“तो नंबर हाच का पण?”

“अगं, मोठ्यात लहान येतंच,” भाऊ म्हणाले. “पदवी दाखवली की कुणी चौथीचा निकाल मागतं का?”

वहिनी गप्प बसल्या. भाऊंना त्यातला होकार तेवढा ऐकू आला.

त्यानंतर त्या घराची जी दशा झाली ती सांगायची म्हणजे कुठून सुरुवात करावी कळत नाही. सल्लागाराने स्वयंपाकघराच्या जमिनीवर लाल पट्टी ओढली. पट्टीच्या अलीकडे कच्चं, पलीकडे शिजलेलं. फ्रिज मधोमध येत होता म्हणून तो झोपायच्या खोलीत गेला आणि रात्रभर भाऊंच्या उशाशी घरघरू लागला. रोजचा स्वयंपाक हा ‘असंबंधित उत्पादन’ ठरला, त्यामुळे जेवण बाल्कनीत छोट्या शेगडीवर व्हायचं आणि वाऱ्याने शेगडी विझली की दोघं पावाला लोणी लावून झोपायचे. वहिनींच्या बोटातली लग्नातली अंगठी काढायचं फर्मान निघालं. तेल झालं, साबण झाला, वकिलांनी दोऱ्याची एक युक्ती सांगितली, तिने बोट सुजलं, अंगठी जागची हलली नाही. शेवटी तिच्यावर निळी पट्टी गुंडाळली गेली आणि घरी येणारा प्रत्येक माणूस आधी विचारायचा, “काय हो, कापलं का?”

जॅम झाला की नाही हे वहिनी गार ताटलीवर थेंब टाकून, बोटाने ढकलून बघायच्या. थेंबाला सुरकुती पडली की जॅम झाला. सल्लागाराने हे पाहिलं तेव्हा तो भिंतीला टेकला. बोट बंद झालं, तापमापक आला. वहिनींनी तापमापकाकडे बघत केलेला पहिला जॅम असा घट्ट झाला की त्यात चमचा उभा राहिला आणि तसाच राहिला.

मग उंदीर आले. म्हणजे उंदीर आले नाहीत, सापळे आले. भिंतीच्या कडेने क्रमांक घातलेले सापळे आणि त्यांचा नकाशा. शेजारच्या काकू दार लोटून आत डोकावल्या आणि म्हणाल्या, “अगंबाई, तुमच्याकडे उंदीर कधी झाले?”

“झालेले नाहीत,” भाऊ म्हणाले. “नाहीत हे सिद्ध करायला सापळे लागतात.”

“मग आमचा बोका पाठवू का? सिद्धही करील आणि येऊन-जाऊनही राहील.”

बोक्याचं नाव काढताच सल्लागाराने वहीत काहीतरी खरडलं. त्या सापळ्यांत पुढे एकच जीव सापडला, तो म्हणजे भाऊंच्या उजव्या पायाचा अंगठा. पण तोही वाया गेला नाही. सल्लागाराने त्या अपघाताची रीतसर नोंद केली आणि संभाव्य धोक्यांमध्ये झुरळ, काचेचा तुकडा आणि सुटलेलं बटण ह्यांच्या खाली लिहिलं: ‘पती’. भाऊंनी ते वाचलं. त्यांना वाईट वाटलं, पण अक्षर सुबक होतं आणि पद्धत निर्दोष होती, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

ह्या सगळ्यात दुकानदार दोनदा विचारून गेला. “वहिनी, नंबर आला का? मी फळी रिकामी ठेवलीय.” वहिनी घरात येऊन भाऊंकडे बघायच्या. भाऊ म्हणायचे, “एकच पायरी राहिलीय.”

त्या पायरीला सल्लागार ‘माघारीचा सराव’ म्हणत असे. समजा उद्या माल बिघडलेला निघाला, तर विकलेली प्रत्येक बाटली किती लवकर परत आणता येते, हे करून दाखवायचं. म्हणजे इमारतीत दिलेला जॅम परत बोलवायचा, बाटल्या मोजायच्या, वेळ लिहायची आणि मग सगळ्यांना सांगायचं की बाबांनो, काही झालेलं नाही, हा सराव होता.

“आधी सांगू नका,” सल्लागार म्हणाला. “सराव आहे म्हटलं की लोक ढिम्म हलत नाहीत.”

मजकूर भाऊंनी स्वतः लिहिला. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या लेखणीला काम मिळालं होतं आणि ती तापलेली होती. ‘आपल्या ताब्यातील संत्र्याच्या जॅमची बाटली कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. उघडली असल्यास चाखू नये. चाखली असल्यास लक्षणांची वाट न पाहता तात्काळ कळवावे.’

वहिनींनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “अहो, लोक घाबरतील.”

“घाबरलेच पाहिजेत. त्याशिवाय सराव कसला?”

“पण माझ्या जॅमला घाबरतील.”

“तासाभराचा प्रश्न आहे,” असं म्हणून भाऊंनी तो मजकूर इमारतीच्या सामाईक ग्रुपवर टाकला. टाकला तोही रविवारी सकाळी, म्हणजे घरोघरी लोक पावाला जॅम लावून बसले होते नेमक्या त्या वेळी.

पहिला आवाज वरच्या मजल्यावरून आला. काहीतरी जड पडल्याचा होता. मग जिन्यात पावलं वाजू लागली. लोक जॅमच्या बाटल्या हात लांब करून, अंगापासून दूर धरून खाली येत होते. कुणाच्या पोटात कळ आली, कुणाला गरगरलं. वकिलांनी भाऊंकडचा जॅम संपवून दोन महिने झाले होते, तरी ते सोफ्यावर आडवे झाले आणि जिभेला बधिरपणा आल्याचं बायकोला तारीख-वेळेसह सांगू लागले. एका घरातलं पोर उलटी करत होतं. त्याने सकाळी रंगाचे खडू खाल्ले होते हे संध्याकाळी कळलं, पण तोवर त्याचं खापर संत्र्यांवर फुटून गेलं होतं.

आणि भाऊ? भाऊ दारात हातात घड्याळ घेऊन उभे होते. प्रत्येक बाटलीसरशी त्यांचा चेहरा उजळत होता. “उत्तम! छान! या, या, वेळ फार चांगली आहे!” असं म्हणत ते पोट धरून आलेल्या माणसांचं स्वागत करत होते. बाटल्या येतच राहिल्या. दिल्या होत्या त्याहून जास्त आल्या. लोकांनी भीतीपोटी दुसऱ्या कंपन्यांचे सॉस, कुठल्या कुठल्या चटण्या आणि केसांच्या तेलाची एक बाटलीसुद्धा आणून ठेवली. शेवटी भाऊ खुर्चीवर चढले आणि म्हणाले, “मंडळी, अभिनंदन! हा फक्त सराव होता!”

जिन्यात अशी शांतता पसरली की केसांच्या तेलाची बाटली गडगडत दोन पायऱ्या उतरली ती सगळ्यांना ऐकू आली.

“सराव?” कुणीतरी म्हणालं. “कशाचा सराव?”

“काहीतरी दडपतायत,” दुसऱ्याने सांगितलं.

वकील भिंतीला धरून वर आले होते. ते क्षीण आवाजात म्हणाले, “आधी कबूल करायचं आणि मग मागे घ्यायचं. कायद्यात ह्याला फार वाईट शब्द आहे.” तो शब्द कोणता ते त्यांना आठवत नव्हतं, पण लोकांना त्याची गरज उरली नव्हती.

लोक गेल्यावर वहिनींनी आपल्या बाटल्या वेचून घेतल्या, ओल्या फडक्याने पुसल्या आणि ओट्यावर एका ओळीत लावल्या. त्यात काकूंची तेवढी नव्हती. काकू दारातून म्हणाल्या, “मी नाही देणार बाई. मी खातेय अजून.” त्यावर वहिनींना रडू फुटलं. आपल्याला रडताना त्यांनी भाऊंना क्वचितच पाहू दिलं होतं. काय करावं ते न सुचून भाऊंनी नोंदवहीत परतीची वेळ लिहिली.

तक्रार कुणी केली ते कळलं नाही, आणि ज्याने केली नसेल असा माणूस इमारतीत सापडला असता असंही नाही. अन्न खात्याच्या निरीक्षक बाई आल्या. दिवसभर हॉटेलांची स्वयंपाकघरं पाहून दमलेल्या होत्या. त्यांनी ओट्याखाली वाकून पाहिलं, फरशांच्या सांध्यांवरून बोट फिरवलं, लाल पट्टी बघितली, सापळे बघितले आणि त्यांचा चेहरा हळूहळू मऊ झाला.

“माझ्या घरीसुद्धा असं नाही हो,” त्या म्हणाल्या. “नोंदणी दाखवा.”

भाऊंनी फायलींचा गठ्ठा पुढे ठेवला. बाईंनी तो चाळला. त्यात धोक्यांचं विश्लेषण होतं, उंदरांचा नकाशा होता, भाऊंच्या अंगठ्याचा अहवाल होता.

“ह्यात नोंदणी नाही.”

“प्रमाणपत्र येतंय,” भाऊ म्हणाले. “आंतरराष्ट्रीय.”

“ते आलं तर चांगलंच आहे. पण ते तुमच्या हौसेचं, हे कायद्याचं. ह्याच्याशिवाय एक बाटली विकता येत नाही.” बाईंनी खिडकीबाहेर हात केला. “त्या चौकातल्या चहावाल्याकडे आहे बघा.”

भाऊंनी बघितलं नाही.

“एवढं सगळं केलंत,” बाई खरोखरच समजून घ्यायच्या आवाजात म्हणाल्या, “मग ते का नाही केलंत?”

भाऊंनी वहिनींकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “फार सोपं होतं,” ते म्हणाले.

बाईंनी बाटल्या तपासणीला नेल्या आणि अहवाल येईपर्यंत काम बंद ठेवायला सांगितलं. अहवाल आला तो स्वच्छ आला. जॅममध्ये जॅमशिवाय काही सापडलं नव्हतं. वहिनी तो घेऊन आशेने दुकानात गेल्या. दुकानदार भला माणूस होता, त्याला बोलताना जड गेलं.

“जॅम चांगलाच आहे वहिनी, मला का माहीत नाही? पण ती गोष्ट दोन गल्ल्या पलीकडे गेलीय. तुमचं आडनाव वाचलं की गिऱ्हाईक बाटली खाली ठेवील. शेजारच्या काकूंच्या नावाने द्या ना. फळी अजून रिकामीच आहे.”

म्हणून मग वहिनी काकूंकडे जाऊ लागल्या. काकूंचं स्वयंपाकघर चार घरांतलं असतं तसं होतं. हात धुवायचे, केस बांधायचे, बोक्याला बाल्कनीत कोंडायचं. दोघी मिळून कचेरीत गेल्या आणि काकूंच्या नावाने नोंदणी करून, वाटेत भाजी घेऊन, जेवायच्या आत परत आल्या. “एवढ्यासाठी तुझ्या ह्यांनी खुर्ची नेली होती?” असं काकूंनी विचारलं. भिंतीपलीकडून भाऊंना ते स्वच्छ ऐकू आलं. संत्र्याची सालं कापताना दोघी हसायच्या, तेही ऐकू यायचं. भाऊ इकडे कुणीही काही न शिजवणाऱ्या स्वयंपाकघराची रोज फरशी पुसायचे, कारण प्रमाणपत्राची अंतिम तपासणी बाकी होती.

तपासनीस आला तो कोट घालून. त्याने निळी टोपी चढवली, भाऊंनीही चढवली. दोघं लाल पट्टीच्या अलीकडे उभे राहिले.

“माघारीचा सराव झाला?”

“झाला.”

“किती माल परत आला?”

“दिला होता त्याहून जास्त,” भाऊ म्हणाले.

तपासनिसाने टोपी वर सरकवून भाऊंकडे नीट पाहिलं. “असा निकाल मी कुठे पाहिला नाही,” तो आदराने म्हणाला. “आणि उत्पादन?”

“सध्या बंद आहे.”

“म्हणजे दोष शून्य.” त्याने लिहून घेतलं.

“आणि कायद्याची ती नोंदणी?” भाऊंनीच विचारलं. विचारताना त्यांचा आवाज खोल गेला.

“ती सरकारने बघायची. आम्ही पद्धत बघतो. तुमच्यासारखी पद्धत सगळ्यांनी ठेवली, तर कुणाला काही होणार नाही.” त्याने भाऊंचा हात हातात घेऊन दाबला. भाऊंना आपण कुणाच्या तरी प्रेताला खांदा देऊन आल्यासारखं वाटत होतं, पण त्यांनी आभार मानले.

प्रमाणपत्र महिन्याभराने आलं. जाड कागद, चमकणारा शिक्का, आणि मधोमध सोनेरी वळणदार अक्षरांत, आडनावासकट, वहिनींचं नाव. भाऊंनी ते कितीतरी वेळ बघितलं. मग त्यांच्या मनात एकदम आलं की अजून सगळं हातचं गेलेलं नाही. त्यांनी त्याला फ्रेम करून घेतली, जिन्यात कुणी भेटलं तर दिसावी म्हणून ती छातीशी धरली आणि काकूंच्या घरात शिरले.

ओट्यावर जॅम निवत होता. काकू बाटल्यांची तोंडं पुसत होत्या, वहिनी लेबलं लावत होत्या. लेबलावर काकूंचं नाव ठसठशीत छापलं होतं आणि खाली नोंदणीचा नंबर होता.

“हे बघ,” भाऊ म्हणाले. “आलं. तुझ्या नावाने आलं.”

हात चिकट म्हणून वहिनींनी ते दुरूनच वाचलं. पहिल्यांदा भरभर वाचलं आणि मग ओठ हलवत, एकेक अक्षर करून. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी लखकन उमटलं, आणि भाऊंचा जीव भांड्यात पडला.

“माझंच आहे हो,” त्या म्हणाल्या. “किती छान काढलंय.”

मग त्यांनी एकदा फ्रेमकडे पाहिलं, एकदा हातातल्या बाटलीकडे, आणि काकूंच्या नावाची सुटलेली कड अंगठ्याने दाबून बसवत विचारलं, “पण अहो, एवढं मोठं बाटलीवर चिकटवायचं कसं?”

टोमणा असता तर भाऊंनी सोसला असता. पण त्या खरंच विचारत होत्या.